वर भाऊ, खाली मी

माझा धाकटा भाऊ आयुष्यभर एका खोलीत खुर्चीवर बसून आभाळातल्या यंत्रांशी बोलत होता. दूर दक्षिणेत त्याची नोकरी होती. तिथे मोठमोठ्या पडद्यांसमोर माणसं ओळीने बसतात आणि वर गेलेल्या यानाचं काय चाललंय ते बघतात, असं त्याने मला समजावलं होतं. त्या ओळीतला तो एक, आणि पुढे त्या खोलीचा मुख्य झाला. सायखेड्याला माहेरी कोणी विचारलं, भाऊ काय करतो, तर मी सरकारी नोकरी आहे म्हणायचे आणि गप्प बसायचे. त्यापुढचं सांगायला गेलं की माणसं मलाच प्रश्न विचारायची, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते. चौथीनंतर माझी शाळा सुटली याचं घरात सगळ्यांना वाईट वाटलं होतं. मला आतून जरा बरं वाटलं होतं, कारण पाचवीच्या बाई उभं करून धडा वाचून घ्यायच्या.

भावजय वारल्यावर तो नाशिक रोडला माझ्याकडे राहायला आला. माझे मालक नोटांच्या प्रेसमध्ये होते, त्यांच्या हयातीत बांधलेलं हे बैठं घर. गच्चीवर एक पत्र्याची खोली आहे. मी एकटीच होते, तोही एकटा झाला होता, त्यामुळे कोणाला काही विचारावं लागलं नाही.

आल्यावर पहिल्या आठवड्यातच मला कळलं, की त्याची नोकरी संपली असली तरी नाद संपलेला नाही. त्याच्या सगळ्या कारकिर्दीत वर गेली ती यंत्रं. त्याला माणूस जायला हवा होता. आपला माणूस, आपल्या यानातून. आता त्याची तयारी चालू आहे, माणसं निवडलीत, त्यांना शिकवणं चालू आहे, आणि हा नेमका रिटायर. म्हणून जो भेटेल त्याला तो सांगायचा. गॅसवाल्याला, मीटरवाल्याला, विहारातल्या बायकांना. भाजीवाल्याने एकदा साध्या मनाने विचारलं, की काका, तिथे वर आहे तरी काय? भाऊ म्हणाला, काहीच नाही. मग जायचं कशाला, असं भाजीवाल्याने म्हटलं, आणि तिथे तो फसला. भाऊ इतका वेळ बोलला की गाडीवरची मेथी सुकली. त्यानंतर तो भाजीवाला आमच्या गल्लीत शिरताना ओरडायचं बंद करायचा आणि आमचं घर ओलांडलं की पुन्हा सुरू करायचा.

मला मात्र त्याचं एक वाक्य पटलं होतं. यंत्र वर गेलं तर फोटो पाठवतं, माणूस गेला तर घरी येऊन सांगतो, असं तो म्हणायचा.

घरात त्याचं बोलणंही त्या खोलीतलंच होतं. भाजी कशी झाली विचारलं तर म्हणायचा, 'नॉर्मल'. गुडघा कसा आहे? नॉर्मल. मला पहिल्यांदा राग यायचा. वांगी भरून करायची आणि ऐकायचं काय तर नॉर्मल. मग त्याने सांगितलं, की त्यांच्याकडे याहून चांगला शब्दच नव्हता. यान सुटलं की एकेक जण आपल्यापुढचे आकडे बघून नॉर्मल म्हणत जातो, आणि सगळे नॉर्मल म्हणाले की शेवटी मोठमोठी माणसं रडतात. त्यानंतर मी वांग्याबद्दल तक्रार केली नाही.

त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पुण्याला असतो. कंपनीत आहे, अकराव्या मजल्यावर घर आहे. मुलगा गुणी. बापाला घेऊन जायचं त्याने कधीचं मनात घेतलं होतं, आणि त्याला कारणही आमच्या घरातच मिळालं. वर एक मोठं यान फिरत असतं, त्यात माणसं राहतात, आणि कधी कधी ते संध्याकाळी चांदणीसारखं सरकत जाताना दिसतं. ते नीट दिसावं म्हणून भाऊ पाण्याच्या टाकीवर चढला आणि उतरताना घसरला. पाय प्लास्टरमध्ये. भाच्याने फोनवर मला विचारलं, आत्या, तू चढू कसं दिलंस? मी काय सांगणार, शिडी मीच धरली होती.

तेव्हापासून दर रविवारी फोनवर तोच विषय. शेवटी वैशाखाच्या सुरुवातीला भाऊ वैतागला आणि त्याने मुलाशी करार केला. मी गच्चीवरच्या खोलीत आठवडाभर राहून दाखवतो, वर अंतराळात माणसं राहतात त्या नियमांनी. आठवडा पुरा केला तर पुण्याचं नाव काढायचं नाही. आधी खाली उतरलो तर मी स्वतः बॅग भरतो. भाचा हसला. मे महिन्यात पत्र्याखाली एक दुपार काढणं कठीण, हे त्याला पुण्यात बसून कळत होतं. तो लगेच हो म्हणाला.

मी त्या वेळी शेजारी बसून गवार मोडत होते. मला कोणी काही विचारलं नाही. पण भाऊ पुण्याला गेला तर या घरात पुन्हा मी आणि भिंती, हे मला गवार मोडता मोडता समजलं.

मी त्याला म्हटलं, हे थंडीत कर. तो म्हणाला, परीक्षा कठीण असावी लागते. मी म्हटलं, तिथे यानात थंड हवेचं यंत्र असतं असं तूच सांगितलं होतंस. तो म्हणाला, ते बिघडलं तर? शिवाय त्याने दिवस मोजून ठेवले होते. वैशाखी पौर्णिमेला विहारात त्याचं भाषण ठेवलं होतं. त्या सकाळी तो वरून उतरून थेट विहारात जाणार, बोलणार आणि खीर खाणार, असा त्याचा बेत.

त्याचं खरं कारण त्याने मला वर जायच्या आदल्या दिवशी सांगितलं. आम्ही सगळे यंत्रांशी बोललो, म्हणाला. यंत्राला हुकूम द्यायचा, ते ऐकतं. उद्या वर माणसं असतील. त्यांच्याशी खालून कसं बोलायचं हे आमच्यातल्या कोणाला मनापासून ठाऊक नाही, कारण आम्ही सगळे कायम खाली बसलेले. एकदा वर बसून बघायचंय.

आणि खाली कोण, तर मी.

नियम असा, की वरच्या माणसाशी खालून एकानेच बोलायचं. पाच जणांनी पाच गोष्टी सांगितल्या तर तो गोंधळतो. कोणाला काही विचारायचं असलं तर त्या एकाला सांगायचं, आणि तो एक वर सांगणार. मी म्हटलं, अरे, मला बोलता येत नाही. तो म्हणाला, आक्का, तू फालतू बोलत नाहीस, हाच तर गुण. आणखी एक नियम त्याने बोट वर करून सांगितला. वरचा माणूस कितीही शहाणा असला तरी खालून परत ये म्हटलं की परत यायचं. वाद नाही. हे त्याने मला सांगितलं आणि मी ते कानाआड केलं, कारण मी कधी कोणाला ये जा म्हटलेलं नव्हतं.

सामान भरताना आमची जुंपली. मी चिवडा केला होता. तो म्हणाला, चिवडा चालत नाही, तिथे कण हवेत उडतात, कोणाच्या नाकात जातील. मी म्हटलं, तिथे नाकं किती आहेत, तुझं एकच. तरी चिवडा बाद झाला. भाकरी बाद, तिचा भुगा पडतो. दशम्या, गूळ, लाडू आणि गरम पाणी ओतून होणारी उपम्याची पाकिटं, एवढं पास झालं. आंघोळ नाही, ओल्या फडक्याने अंग पुसायचं. संडास गच्चीवरच खोलीला लागून आहे, तेवढी सवलत त्याने स्वतःला दिली. मोबाईल माझ्याकडे. आमच्या दोघांत बोलायला त्याने खेळण्यांच्या दुकानातून पिवळे वॉकीटॉकी आणले होते, बटण दाबून बोलायचे. मी म्हटलं, जिन्यातून हाक मारली तरी तुला ऐकू येईल. तो म्हणाला, तिथे जिना नसतो.

आणि त्याने माझी एक जुनी नऊवारी मागून घेतली. तिथे वजन नसतं म्हणून झोपताना बांधून घ्यावं लागतं, तर हा रोज कॉटला बांधून घेऊन झोपणार. साडी जाणार याचं मला काही नव्हतं. पण ती हिरवी, चांगल्या काठाची होती.

पहिल्या सकाळी तो वर गेला, आतून कडी लावली. मी खाली ओट्यावर तो पिवळा डबा हातात घेऊन बसले. थोड्या वेळाने त्यातून खरखर झाली आणि भाऊ म्हणाला, "आक्का, ऐकू येतंय का?"

मी मान हलवली.

"आक्का, ऐकू येतंय का?"

मी पुन्हा मान हलवली, जरा जोरात. मला वाटलं, एवढं काय ते. आमच्या घरात सगळं ठीक असलं की कोणी बोलत नाही. बिघडलं तरच माणूस तोंड उघडतो. त्याच्या खोलीत नेमकं उलटं. तिथे कोणी बोललं नाही म्हणजे घात झाला असं धरतात. त्याने आणखी विचारलं, मी आणखी मान हलवली, आणि मग त्याच्या नियमांप्रमाणे खालचा संपर्क तुटला. संपर्क तुटला की वरच्याने मिळेल त्या साधनाने खूण करायची. त्याने खिडकीतून हात बाहेर काढला आणि चमच्याने स्टीलची थाळी बडवायला सुरुवात केली.

सकाळची वेळ, सगळी गल्ली घरात. सगळे बाहेर. आग लागली का, साप निघाला का, एकच गलका. समोरच्या घरातले वयस्कर बाबा करोनाच्या वेळच्या सवयीने आपल्या दारात उभे राहून स्वतःची थाळी वाजवायला लागले. ती दुसरी थाळी ऐकून भाऊ वर खूश, त्याला वाटलं खालून उत्तर आलं. तो आणखी जोरात. मी अंगणात उभी, हातात डबा, मान हलवतेय.

शेवटी शेजारीण माझ्या अंगावर ओरडली, की अहो बोला ना त्यात, बटण दाबा. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "आहे मी." थाळी थांबली. गल्लीभर माणसं माझ्याकडे बघत होती. एवढ्या माणसांसमोर दोन शब्द मी लग्नात नाव घेतल्यानंतर तेव्हाच बोलले असेन.

त्यानंतर मी दरवेळी तोंडाने हो म्हणायला शिकले. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि झोपताना असं बोलायचं ठरलं होतं. तो विचारायचा, खाली काय परिस्थिती? मी म्हणायचे, ठीक. तो म्हणायचा, वर नॉर्मल. संपलं. दुसऱ्या दिवशी मी सहज म्हटलं, की आज शेजारणीने कुरडया घातल्यात. तो म्हणाला, आक्का, अनावश्यक माहिती नको, लाइन मोकळी ठेव. मी ठेवली मोकळी.

पण त्या कुरडयांचं प्रकरण वाढत गेलं. आमची शेजारीण दरवर्षी गल्लीत बाज टाकून त्यावर कुरडया वाळत घालते. तिच्या पलीकडच्या घरात यंदा नवी गाडी आली, पांढरी, आणि ती उभी करायला जागा तीच. शेजारीण म्हणायची, बाज आधीपासूनची आहे. गाडीवाले म्हणायचे, रस्ता काय तुमच्या गव्हाच्या चिकाचा आहे का? एके सकाळी त्यांनी उजाडायच्या आत गाडी बाजेच्या जागी आणून लावली. शेजारीण उठली, बघितलं. आत गेली, धुतलेलं धोतर आणलं, गाडीच्या टपावर पसरलं आणि त्यावर कुरडया घातल्या. टप बाजेपेक्षा छान तापतो, असं नंतर मला सांगितलं.

हे मी भावाला सांगणार नव्हते. पण दुपारी त्याने विचारलं, खाली काय परिस्थिती, आणि माझ्या तोंडून हसू फुटलं. तो म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, अनावश्यक आहे. खरखर झाली. मग थोड्या वेळाने म्हणाला, किती अनावश्यक? मग मी सांगितलं. मी कधी कोणाला सलग एवढं सांगितलं नव्हतं. समोर कोणाचं तोंड नव्हतं, नुसता पिवळा डबा, त्यामुळे असेल, मला सगळं नीट सांगता आलं. वर तो इतका हसला की डब्याची गरज नव्हती, जिन्यातून ऐकू येत होतं.

तेव्हापासून नियम बदलला. माझा आवाज आला की तो परिस्थिती वगैरे विचारायचं सोडून म्हणायचा, "गाडीचं काय झालं?" ठरलेल्या वेळांच्या मध्येही डबा खरखरायचा. मी कणीक मळताना, मी आंघोळीला जाताना. आक्का, ती काय म्हणाली? मग तो काय म्हणाला? एकदा मी म्हटलं, लाइन मोकळी ठेवायची ना? तो म्हणाला, ही माहिती वरच्या माणसाच्या तब्येतीसाठी लागते, हे मला आता कळलं आहे आणि हे मी आमच्या ऑफिसातल्या लोकांना कळवणार आहे. आपली माणसं अंतराळात जातील तेव्हा त्यांना खालून आमच्या गल्लीतल्या कुरडया सांगणार की काय, अशी मला धास्ती पडली.

मधेच साडीने घोळ घातला. शेजारीण आपल्या गच्चीवर पापड उलटायला चढली आणि तिला आमच्या खोलीच्या खिडकीतून दिसलं, की भाऊ कॉटवर हिरव्या साडीने आवळून बांधलेला पडलाय. दुपारची वामकुक्षी चालली होती, पण बांधून. तिने ते एकीला सांगितलं, एकीने विहारात, आणि संध्याकाळपर्यंत पुण्याला पोहोचलं, की बहिणीने भावाला पत्र्याच्या खोलीत कोंडून बांधून ठेवलंय, घरासाठी. घर माझंच आहे, तर घरासाठी मी त्याला का बांधेन, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

भाच्याचा फोन आला. म्हणाला, आत्या, बाबांना फोन दे. मी म्हटलं, देता येत नाही. का? मी म्हटलं, वर एकानेच बोलायचं असतं, तुला काय विचारायचं ते मला सांग. तो म्हणाला, आत्या, खरं सांग, बाबांना बांधलंय का? आता खोटं कसं बोलू? म्हटलं, हो, बांधलंय. पण माझ्या साडीने, आणि त्याचं त्यानेच.

पुढे बराच वेळ मला बोलावं लागलं. चिवडा, कण, वजन नसणं, सगळं. भाच्याशी मी आजवर कसा आहेस आणि जेवलास का याच्या पुढे गेले नव्हते. शेवटी तो म्हणाला, मग तुझी चांगली साडी गेली. मी म्हटलं, तेच तर. मग तो रोज फोन करायला लागला, मलाच, कारण दुसरा इलाज नव्हता. वर सांग, गोळ्या घेतल्या का. वर सांग, पाणी पी. मी वर सांगायचे, वरचं खाली सांगायचे. एखाद्या पोस्टमनसारखी मी दिवसभर दोघांमध्ये हिंडत होते आणि घशाला कोरड पडत नव्हती.

ऊन मात्र रोज वाढत होतं. खोलीत पंखा होता, आणि मी पहाटे पत्र्यावर ओली पोती टाकून यायचे. भाऊ म्हणाला होता, बाहेरून केलेली दुरुस्ती नियमात बसते.

पौर्णिमेला दोन दिवस राहिले होते. त्या दिवशी सकाळीच लाइट गेली. पोती टाकली ती दहा वाजेपर्यंत खडखडीत. मी मधून मधून विचारत होते, तो नॉर्मल म्हणत होता. आणि त्याच दुपारी कुरडयांचा शेवट झाला. गाडीवाल्यांना कुठून तरी तातडीचा फोन आला. ते धावत आले, दार उघडलं, गाडी सुरू केली आणि गेले, टपावर धोतर आणि दोन पायल्यांच्या कुरडया तशाच. शेजारीण मागे पळाली. जेलरोडपर्यंत कुरडयांची रांग पडली होती. धोतर वाऱ्याने फुगून एका स्कूटरवाल्याच्या अंगावर गेलं, आणि तो पुढे कितीतरी वेळ ते गळ्यात घेऊन शेजारणीची समजूत काढत होता.

माझ्याच्याने हसू आवरेना. मी डबा घेतला आणि भावाला सगळं सांगितलं, रांग, धोतर, स्कूटरवाला. सांगून झाल्यावर थांबले.

"नॉर्मल," तो म्हणाला.

मी म्हटलं, अरे, धोतर त्याच्या गळ्यात होतं. खरखर. मग पुन्हा, हळू, "नॉर्मल."

त्याने हसायला हवं होतं. पुढे काय झालं विचारायला हवं होतं. इतके दिवस त्याने मला कणीक मळू दिली नव्हती आणि आज गाडी कुरडया घेऊन गेली तरी तो नॉर्मल.

मी म्हटलं, "खाली ये."

"दोन दिवस राहिलेत."

"राहू दे. खाली ये."

पुन्हा खरखर. मग म्हणाला, "आक्का, उतरलो की पुणं."

"माहीत आहे."

"मग?"

"मग पुणं. पण उतर."

"मी ठीक आहे, जरा झोपतो अन्..."

"मी खालून सांगतेय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "खालून सांगितलं की वाद नाही, तूच म्हणालास. कडी काढ. मी जिन्यात आलेय."

मी खरंच जिन्यात होते. एवढ्या दोन शब्दांत मी त्याला पुण्याला पाठवलं, हे मला पायऱ्या चढताना कळत होतं, पण पाय थांबत नव्हते. कडी निघायला वेळ लागला. दार उघडलं तेव्हा तो लालबुंद, अंग कोरडं, डोळे भलतीकडे. आणि कमरेला साडी तशीच, तिची गाठ त्याला सुटत नव्हती. मी त्याला धरलं. आम्ही उतरलो तेव्हा ती हिरवी नऊवारी आमच्या मागे पायरी पायरीने उतरत होती, आणि कुरडया वेचायला जमलेली सगळी गल्ली आता आमच्याकडे बघत होती. सगळ्यांना वाटलं, बांधलेला माणूस सुटला.

कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. ऊन लागलंय म्हणाले, सलाइन लावलं. थोडा उशीर झाला असता तर मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं असतं, असं म्हणाले आणि माझ्याकडे रागाने बघितलं, जसं काही पत्रा मी तापवला होता. संध्याकाळी भावाला शुद्ध नीट आली. पहिलं काय बोलला असेल? म्हणाला, स्कूटरवाला कोण होता?

मी रडले. त्याला वाटलं मी स्कूटरवाल्यासाठी रडतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा आला. येताना त्याने गाडी बरोबर बाजेच्या जागी लावली, ती त्याला पुढे काढावी लागली. भाऊ अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बॅग भरून बसला होता. शब्दाचा पक्का. ठरलं ते ठरलं, म्हणाला. विहारात मी निरोप पाठवतो, पौर्णिमेला दुसरं कोणी बोलेल. भाच्याने बॅगेकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि स्वयंपाकघरात माझ्याकडे आला. मी चहा ठेवत होते. साखर किती टाकली मला कळत नव्हतं.

तो म्हणाला, "आत्या, तू का उतरवलंस? ते इथेच राहावेत असं तुला वाटत होतं."

"तो हसला नाही," मी म्हटलं.

त्याला कळेना. मग मी त्याला कुरडयांचं सांगितलं, गाडी, रांग, धोतर. स्कूटरवाल्यापाशी आल्यावर तो ओट्याला धरून हसायला लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"यावर बाबा हसले नाहीत?"

"नाही. नॉर्मल म्हणाला."

त्याचं हसू हळूहळू थांबलं. तो तिथेच पाटावर बसला. म्हणाला, मी सकाळी आठला निघतो, रात्री घरी. मला ते रोज नॉर्मल म्हणाले असते, आणि मी बरं म्हटलं असतं. मग चहा उतू गेला आणि तो पुसण्यात आमचा बराच वेळ गेला. पुसता पुसता तो म्हणाला, पत्र्याची खोली बंद. टाकीवर चढणं बंद. आणि तू मला रोज फोन करायचा, ते हसले का एवढंच सांगायला. मी मान हलवणार होते, पण तोंडाने हो म्हटलं.

बाहेर येऊन त्याने बॅग उचलली आणि आत कपाटापाशी नेऊन ठेवली. भाऊ विचारत राहिला, काय झालं, काय ठरलं. त्याला कोणी सांगेना.

पौर्णिमेला तो विहारात बोलला. अंतराळातल्या माणसाला खालून काय सांगावं यावर बोलला, आणि कुरडयांचं सगळं सांगितलं, शेजारीण समोर बसलेली असताना. ती आधी लाजली, मग उभी राहून तिनेच धोतराचा भाग दुरुस्त करून सांगितला. खीर दोनदा घेतली त्याने.

भाचा संध्याकाळी गेला. त्यानंतर भाऊ चार दिवस माझ्याशी घुश्शात होता. म्हणे, सारी मोहीम माझी, करार माझा, आणि निकाल लागला तो ओट्यापाशी, मला न विचारता. निर्णय बरोबर होता, पण पद्धत चुकली, असं तो अजून म्हणतो. मी त्याला म्हटलं, चुकली तर चुकली, तू आधी गहू वाटून दे. यंदा मीही कुरडया घालणार आहे, गच्चीवर, पत्र्याच्या कडेला. तिथे एका दिवसात वाळतात, हे आता आम्हाला दोघांनाही ठाऊक आहे.